दोन हात, दोन साधनं : जादूच्या खेळातल्या एका नियमाची समीक्षा

आजचा विषय जाहीर झाल्यावर आपल्या नेहमीच्या दोन-तीन श्रोत्यांनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून हे जादूच्या छड्यांचं काय काढलंत?" त्याचं उत्तर आधी देऊन टाकू. नियम म्हणजे काय, तो वाचायचा कसा, आणि तो जिथे गप्प असेल तिथे आपण काय करायचं, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. आणि आज हा प्रश्न आमच्या पाहण्यात सगळ्यांत पोटतिडकीनं कोण भांडत असेल, तर ती फासे घेऊन टेबलाभोवती बसलेली विशी-पंचविशीतली मुलं. न्यायालयात वकील भांडतात, पण त्यांना त्याची फी मिळते. ही मुलं रविवारची दुपार खर्चून फुकट भांडतात. तेव्हा त्यांचं भांडण गंभीरपणे घ्यावं असं आम्हाला वाटलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या जातीचा पहिला छापील खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो 1974 मध्ये आणला. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात : कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी पुरोहित, कोणी जादूगार. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. आपल्या कोकणातल्या दशावतारात नट जागच्या जागी संवाद रचतात, तसंच काहीसं. फक्त इथे शेजारी नियमांचं जाडजूड पुस्तक उघडं असतं.

आता जादूगाराच्या हातात काहीतरी साधन असतं. छडी, दंड, स्फटिकाचा गोळा. इंग्रजीत त्याला इम्प्लिमेंट म्हणतात. आपण 'साधन' म्हणू. साधनामुळे मंत्राचा नेम सुधारतो, मार वाढतो. माणसाला हात दोन. उजव्या हातात छडी आहे, डावा रिकामा आहे. मग कोणीतरी खेळाडू विचारतोच : "डाव्या हातात दुसरी धरली तर? दोन्हींचा फायदा मिळेल ना?"

प्रश्न पोरकट वाटेल. पण त्यात पणाला काय लागतं ते पाहा. पाच मित्र खेळतायत. त्यातल्या एकाची ताकद एका युक्तीनं दुप्पट झाली, तर सूत्रधाराला राक्षसही दुप्पट ताकदीचे आणावे लागतात. मग ते राक्षस बाकीच्या चौघांना झेपत नाहीत. चौघांची पाळी येते, फासा टाकला जातो, पण त्यानं काही घडत नाही. खेळ एकाचा होतो आणि चौघं प्रेक्षक होतात. महिन्याभरात त्यातले दोघं यायचे बंद होतात. म्हणजे प्रश्न छडीचा दिसतो, पण मुळात तो वाटणीचा आहे. एका टेबलावर कर्तृत्वाची वाटणी कशी करायची, हे दोन छड्यांचा नियम ठरवतो.

मंडळी, 'एका वेळी दोन साधनं' हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारलाच नव्हता असं नाही. पूर्वमीमांसा हे शास्त्रच मुळी विधिवाक्यं कशी वाचायची याचं शास्त्र आहे. आणि पुण्यापुरतं बोलायचं तर त्याची घरं इथेच आहेत. जैमिनीची सूत्रं शाबरभाष्यासह आनंदाश्रमानं छापली. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड 1930 ते 1962 या काळात भांडारकर संस्थेनं काढले, त्यातल्या शेवटच्या खंडात मीमांसेच्या वाचनपद्धतीचा विचार आहे. वैदिक संशोधन मंडळात तर यज्ञपात्रांचा संग्रहच आहे, ज्यांना डोळ्यांनी बघायचंय त्यांनी जाऊन बघावं.

एक खुलासा करतो. यज्ञपात्रांना आम्ही जादूची अवजारं म्हणत नाही आहोत. श्रद्धेचा विषय वेगळा, खेळाचा वेगळा. आम्ही तुलना करतोय ती फक्त नियमाच्या घडणीची. दोन्हीकडे परिस्थिती सारखी आहे : हातात धरायची वस्तू आहे, तिचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, आणि ती कशी वापरायची हे केवळ शब्दांवरून ठरवायचं आहे. सुतार दोन पटाश्या एकदम वापरून पाहील, जमलं नाही तर ठेवून देईल. लाकूडच त्याला उत्तर देतं. इथे उत्तर द्यायला लाकूड नाही. फक्त वाक्य आहे. म्हणून वाक्य नीट वाचावं लागतं.

तर मीमांसकांची मांडणी आणि आपल्या घरातली भांडी यांच्या आधारानं, दोन साधनं एकत्र येण्याच्या चार तऱ्हा आम्ही मांडतो.

पहिली तऱ्हा, जोडी. यज्ञाची दहा आयुधं सांगितली आहेत. त्यांत उलूखल आणि मुसल आहे, म्हणजे आपलं उखळ-मुसळ. दृषद् आणि उपल आहे, म्हणजे पाटा-वरवंटा. इथे वस्तू दोन, पण साधन एकच. पाट्यावाचून वरवंटा हा नुसता दगड. पोळपाट-लाटणं तसंच. 'दोन्हींचा फायदा मिळेल का' हा प्रश्नच इथे उठत नाही, कारण एकट्याचा फायदा शून्य असतो.

दुसरी तऱ्हा, विकल्प. पुरोडाशासाठी व्रीही म्हणजे भात सांगितला आहे, आणि यव म्हणजे जवही सांगितले आहेत. दोन्ही चालतात. मग दोन्ही मिसळून दुप्पट पुण्य? मीमांसक म्हणतो, नाही. दोघांचं काम एकच आहे. एकानं ते काम पुरं होतं, मग दुसऱ्याला करायला काही उरत नाही. शिवाय मिसळलं तर भाताचाही विधी पाळला जात नाही आणि जवाचाही नाही. आपली म्हण आहे ना, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. गंमत म्हणजे मीमांसकांना विकल्प आवडतही नाही. त्यात त्यांनी आठ दोष मोजले आहेत. दुसरा काही मार्ग असेल तर ते विकल्प मानत नाहीत. पण काम एकच असेल तर दुसरा मार्ग नसतो.

तिसरी तऱ्हा, समुच्चय. दर्शपूर्णमासात मुख्य आहुतीच्या आधी पाच प्रयाज असतात. पाचही करायचे. का? कारण प्रत्येकाचं कार्य वेगळं मानलं आहे. एकानं दुसऱ्याचं भागत नाही. ढाल-तलवार घ्या. ढाल अडवते, तलवार मारते. दोन्ही हात गुंतले तरी कुणी हरकत घेत नाही, कारण कामं दोन आहेत.

चौथी तऱ्हा आमच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची. तिला अंगांगिभाव म्हणा : एक मुख्य, दुसरं त्याच्या सेवेला. जुहू आणि उपभृत या दोन स्रुचा, म्हणजे लांब दांड्याच्या लाकडी पळ्या. जुहू पळसाची, उपभृत पिंपळाची. अध्वर्यू जुहू उजव्या हातात धरतो, उपभृत डाव्या हातात, आणि जुहू उपभृतीच्या वर धरतो. जुहूत तूप चार वेळा घेतात, उपभृतीत आठ वेळा. पण आहुती पडते ती जुहूतूनच. डाव्या हातातली पळी स्वतः आहुती देत नाही. चौथ्या प्रयाजाच्या आधी तिच्यातलं तूप जुहूत ओततात, उरलेलं पुढच्या अनुयाजांसाठी असतं. नावच बघा : उपभृत, जवळ राहून धरणारी.

मंडळी, दोन हातांत दोन साधनं एकाच वेळी धरण्याचा याहून नेटका नियम आम्हाला ठाऊक नाही. डाव्या हाताला काम आहे. ते उजव्यापेक्षा वेगळं आहे. ते नसेल तर मुख्य काम मध्येच अडेल. आणि तरीही मुख्य कोण याबद्दल गोंधळ नाही.

आता ही चार मापं घेऊन खेळाच्या पुस्तकांकडे जाऊ.

सुरुवातीला 'दोन एकत्र आले तर काय' हा प्रश्न या खेळानं चक्क दैवावर सोडला होता. 1979 सालच्या डंजन मास्टरच्या पुस्तकात दोन जादुई काढे पोटात मिसळले तर काय होतं याचा एक तक्ता आहे. शंभराचा फासा टाकायचा. 1 आला तर स्फोट. 00 आला तर दोहोंपैकी एका काढ्याचा गुण कायमचा अंगी लागतो. मधे विष आहे, एकमेकांना मारणं आहे, सगळं आहे. त्याच घराण्यातला दुसरा नियम आजही टिकून आहे. बॅग ऑफ होल्डिंग म्हणून एक पिशवी असते, बाहेरून लहान, आतून प्रचंड. पोर्टेबल होल म्हणून घडी घालून नेता येणारं एक विवर असतं. 2014 च्या नियमांप्रमाणे एकात दुसरं ठेवलं की दोन्ही नष्ट होतात, दुसऱ्या लोकाचं दार उघडतं आणि दहा फुटांच्या आतले सगळे त्यात ओढले जातात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे इतक्या ठसठशीतपणे कुणी सांगितलं नसेल. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन यांची ब्रह्मशिर अस्त्रं समोरासमोर येतात तेव्हा नारद आणि व्यास मध्ये उभे राहतात, त्यामागची भीती याच जातीची आहे. दोन मोठ्या शक्तींची बेरीज होत नाही, त्यांची टक्कर होते.

या जुन्या नियमांत नेमकेपणा कमी आहे, मान्य. पण त्यांना एक गोष्ट कळली होती : जादूची वस्तू म्हणजे आकडा नव्हे. ती वस्तू आहे, तिला स्वभाव आहे, आणि शेजारी कोण आहे यानं तिला फरक पडतो.

पुढचा टप्पा 2004 चा. तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित रूपात कंप्लीट आर्केन नावाचं पुस्तक आलं. त्यात डबल वाँड वील्डर नावाचं एक खास कौशल्य आहे. खेळात अशा कौशल्याला फीट म्हणतात, आणि पात्राला ती मोजकीच मिळतात. या फीटनुसार दोन हातांत दोन छड्या धरून दोन्ही चालवता येतात. पण अटी बघा. आधी छडी बनवायची विद्या हवी. दोन शस्त्रांनी लढायचा सराव हवा. छड्या चालवताना सगळी पाळी त्यातच खर्च होते. आणि दुय्यम छडीचा दर वेळी दुप्पट भार खर्ची पडतो. नव्या छडीत 50 भार असतात, एरवी एका वापराला एक जातो. म्हणजे डाव्या हातातली छडी 25 वापरांत संपते.

आमच्या मते हा प्रामाणिक नियम आहे. तो समुच्चय मानतो, कारण दोन छड्यांतून दोन वेगळे मंत्र सुटतात. आणि समुच्चयाची किंमत तो रोख वसूल करतो. पैसे मोजणारा ग्राहक दुकानातून काय घेऊन जातो याबद्दल शेजाऱ्यानं तक्रार करू नये, तसं बाकीचे चार खेळाडूही इथे तक्रार करत नाहीत. मित्राच्या दोन छड्या भडाभडा रित्या होताना त्यांना दिसत असतात. उणीव एवढीच की डाव्या छडीला स्वतःचं असं काम नाही. ती म्हणजे महाग पडणारी उजवी छडी.

आता चौथी आवृत्ती, 2008. इथे 'इम्प्लिमेंट' हा शब्द नियमाचा पारिभाषिक शब्द झाला. कुठल्या वर्गाचं पात्र कोणतं साधन वापरणार हे ठरवून दिलं. विझर्डला गोळा, दंड, छडी. वॉरलॉकला रॉड आणि छडी. पुरोहिताला त्याचं पवित्र चिन्ह. दहा यज्ञायुधांबद्दल मीमांसकांनी हाच प्रश्न घेतला होता, की कुठलंही आयुध कुठल्याही कामाला चालेल का? आणि ठरवलं, नाही. स्फ्यानं वेदी उकरायची, कपालावर पुरोडाश भाजायचा, शूर्पानं पाखडायचं. तेव्हा ही शिस्त आम्हाला पसंत आहे.

याच आवृत्तीत प्रत्येक जादुई साधनाला +1 ते +6 असा एक वाढीव गुण असतो, तो नेम आणि मार या दोहोंत मिळतो. दोन साधनं हातात असली तरी मंत्र टाकताना त्यातलं एक निवडायचं. आणि सर्वसाधारण नियम असा की एकाच जातीचे दोन गुण मिळवायचे नाहीत, त्यातला मोठा धरायचा. हा सरळ सरळ विकल्पाचा नियम आहे. काम एक, म्हणून साधन एक. चोख.

पण मग 2009 मध्ये आर्केन पॉवर नावाचं पुस्तक आलं आणि त्यात ड्युअल इम्प्लिमेंट स्पेलकास्टर ही फीट आली. पात्राचं चापल्य 13 हवं आणि वर्ग गूढविद्येचा हवा. मग दोन्ही हातांत जादुई साधनं धरली की डाव्या हातातल्या साधनाचा वाढीव गुण माऱ्यात मिळवायचा. बस्स, एवढंच.

हा अपवाद आहे, आणि अपवाद उत्सर्गाला बाधतो हे आपले वैयाकरणही सांगतात. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्नसाहेबांनी नागोजीभट्टांचा परिभाषेन्दुशेखर इंग्रजीत नेला, त्यात अशा बाध्यबाधकभावाचीच चर्चा आहे. तेव्हा अपवाद करायला हरकत नाही. आमची हरकत त्या अपवादाच्या आशयाला आहे.

डाव्या हातात काय आहे? छडी असो, गोळा असो, त्याची जात कोणती, गोष्टीत ते कुठून आलं, कुणी दिलं, या फीटला काही घेणंदेणं नाही. तिला त्याच्यावर कोरलेला आकडा हवा. आणि तो आकडा करतो तेच काम, जे उजव्या हातातल्या साधनाचा आकडा आधीच करतोय. म्हणजे काम एक असूनही समुच्चय. भात आणि जव मिसळलेच. वर किंमत म्हणून फक्त एक फीट, तीही एकदाच. त्यानंतर प्रत्येक मंत्र, प्रत्येक लढाई, फुकट.

हिशेब करू. डाव्या हातात +3 चं साधन आहे असं धरा. योद्ध्यानं एका राक्षसाला मारलं आणि 3 वाढले तर ते 3. पण या आवृत्तीतल्या विझर्डचे पुष्कळ मंत्र एकदम अनेकांवर पडतात, आणि मार प्रत्येकाला पुरा लागतो. चार राक्षस सापडले तर 3 चे 12 झाले. दर पाळीला. आता टेबलावरच्या योद्ध्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्यानं दोन हातांत दोन तलवारी धरल्या तर दुसरी चालवायला त्याला त्या जातीचे खास डावपेच शिकावे लागतात. जादूगाराला डाव्या हातानं काहीच करावं लागत नाही. नुसतं धरायचं. हे आम्हाला खटकतं. साधन म्हणजे ज्यानं काही साधतं ते. जे नुसतं धरून ठेवल्यानं बेरीज वाढते, त्याला आपण साधन म्हणत नाही. त्याला ठेव म्हणतो, आणि ही ठेव व्याज देते.

पाचव्या आवृत्तीकडे येऊ, 2014 च्या पुस्तकांपुरतं बोलतो. इथे चित्र उलटं आहे. दोन साधनांचा वेगळा नियमच नाही. वाढीव गुणांच्या जाती काढून टाकल्या. दोन सर्वसाधारण बंधनं आहेत : सारख्या नावाच्या दोन परिणामांची बेरीज नाही, आणि ज्या वस्तूंशी मनाची जुळणी करावी लागते अशा वस्तू एका वेळी तीनच. मग वॉरलॉक काय करतो? एका हातात वाँड ऑफ द वॉर मेज, दुसऱ्यात रॉड ऑफ द पॅक्ट कीपर. दोन्ही जास्तीत जास्त +3 च्या मिळतात, दोन्ही मंत्राचा नेम वाढवतात, आणि नावं वेगळी. बेरीज +6. वीस बाजूंच्या फाशावर एकेक गुण म्हणजे शंभरात 5, तेव्हा 6 म्हणजे शंभरात 30. पात्राच्या अनुभवाचा जो गुण पहिल्या पातळीला +2 असतो आणि सतराव्या पातळीला +6 होतो, तेवढं सगळं या दोन काठ्यांनी हातात आणून दिलं.

इथे खेळाडू म्हणतो, "मनाई कुठे आहे?" हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. सोसायटीच्या सभेपासून विधानसभेपर्यंत तो ऐकू येतो. मीमांसकाचं उत्तर असं असतं की मनाई शोधण्याआधी सगळी वाक्यं गोळा कर. एक वाक्य वाचून उठू नकोस. तसं केलं की मौज दिसते.

याच पुस्तकात मंत्रांची तीन अंगं सांगितली आहेत. वाचा, हस्तमुद्रा आणि द्रव्य. द्रव्याच्या जागी छडी किंवा रॉडसारखं साधन चालतं, आणि ज्या मंत्राला द्रव्य लागतं त्यात साधन धरलेल्या हातानंच मुद्राही करता येते. पण ज्याला द्रव्य लागतच नाही, फक्त वाचा आणि मुद्रा लागते, त्याला एक हात मोकळा हवा. आणि वॉरलॉकचा रोजच्या जेवणातल्या वरणभातासारखा मंत्र, एल्ड्रिच ब्लास्ट, नेमका याच जातीचा आहे. वाचा आणि मुद्रा, द्रव्य नाही. दोन्ही हातांत काठ्या आहेत. मुद्रा करणार कशानं? वॉर कास्टर नावाची एक फीट हात गुंतलेले असतानाही मुद्रा करू देते, पण तिचं वाक्य शस्त्रं आणि ढाल यांच्याबद्दल आहे, छडी-रॉडबद्दल नाही.

म्हणजे बेरीज जमते आणि मंत्रच सुटत नाही. पुस्तकानं दोन साधनांना मनाई केलेली नाही, पण हाताला काम नेमून ठेवलं आहे, आणि ते काम दुसऱ्या काठीनं अडवलंय. आम्हाला हा योगायोग फार आवडतो, आणि त्याचबरोबर हेही म्हणावंसं वाटतं की तो योगायोग वाटता कामा नये. चांगल्या नियमकारानं हे उघड लिहिलं असतं : डावा हात रिकामा दिसतो, पण तो रिकामा नाही. पुष्कळ टेबलांवर हे वाक्य कुणी वाचतच नाही. मुद्रेची कटकट नको म्हणून सोडून देतात. आणि मग ज्या एका गोष्टीनं तोल सांभाळला होता तीच गेलेली असते.

तेव्हा निवाडा असा. 2004 चा नियम किंमत जाणतो. 2009 चा नियम डाव्या हाताला नाव देतो पण काम देत नाही. 2014 चा ग्रंथ गप्प बसतो, आणि त्याचं शहाणपण अशा कोपऱ्यात ठेवतो जिथे घाईचा वाचक पोचत नाही. तिघांनाही चौथी तऱ्हा सुचलेली नाही, जुहू-उपभृतीची. डाव्या हातातलं साधन स्वतः मारत नाही, बेरीजही वाढवत नाही. ते उजव्याला पुरवतं. समजा, डाव्या हातातल्या गोळ्यात एक मंत्र आधी साठवून ठेवायचा, आणि उजव्या हातातल्या छडीचा भार संपला की एक पाळी खर्चून तो तिच्यात ओतायचा. मार वाढला नाही. पण जादूगाराला विचार करायला काहीतरी मिळालं : कधी साठवू, कधी ओतू, शेवटच्या राक्षसासाठी राखू का? आणि त्याच्या ओतण्याच्या पाळीला त्याला सांभाळायला योद्धा लागला. चौघंही कामाला लागले.

यावर एक आक्षेप येईल. मुलं खेळतात ती मजा म्हणून. त्यांना मोठा आकडा बघायला आवडतं. तुम्ही मीमांसा कशाला लादता? आक्षेप रास्त आहे. मोठ्या आकड्याची मजा खरी असते. कॅरममध्ये एका फटक्यात तीन सोंगट्या गेल्या की आम्हीही ओरडतो. पण तिथे फटका मारावा लागतो. हातात दुसरा स्ट्रायकर नुसता धरला म्हणून गुण मिळाले असते, तर ओरडायला कोण उठलं असतं? मजा साधनाच्या वापरात असते. वापर काढून टाकला की उरतो तो नुसता हिशेब, आणि तो एकट्याचा असतो.

इथे थांबतो. एक प्रश्न आलेला आहे, तेवढा घेऊ.

प्रश्न : शेवटी डंजन मास्टर म्हणेल तोच नियम असतो. मग पुस्तकाचा एवढा कीस कशाला काढायचा?

उत्तर : डंजन मास्टरला शेवटचा शब्द आहे हे खरं. पण शेवटचा शब्द असणं म्हणजे कारण न सांगण्याची मुभा नव्हे. आमच्याकडे येणाऱ्या काही तरुणांनी मध्यंतरी असाच वाद आणला होता. सूत्रधार म्हणाला, "नाही चालणार, मी सांगतो म्हणून." खेळाडू गप्प बसला, पण त्याचं समाधान झालं नाही. आम्ही सूत्रधाराला एवढंच विचारायला सांगितलं : "तुझ्या डाव्या हातातली छडी असं कोणतं काम करते, जे उजवीनं होत नाही?" खेळाडूनं थोडा विचार केला आणि म्हणाला, "तिच्यात उजेड पाडायचा मंत्र आहे, मी अंधारात तो वापरीन." सूत्रधार म्हणाला, "मग धर की!" दोघांपैकी कुणीही हरलं नाही, आणि त्या दिवशी गुहेत उजेड होता. पुस्तकाचा कीस काढायचा तो असा प्रश्न हाताशी असावा म्हणून. नुसता हुकूम ऐकून सवय लागते ती हुकूम ऐकायची. कारण मागून आणि देऊन नियम वाचायची सवय लागते, आणि ती टेबल आवरल्यावरही उपयोगी पडते.